लहान फ्रिज आणि नेटकी मांडणी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एकच लहान फ्रिज असतो व तो सदैव भरलेला असतो. जागा करावयाची तर प्रथम आपण हे पाहावे की, आतील प्रत्येक वस्तूला थंडाव्याची खरोखर गरज आहे काय? कांदे, बटाटे, लसूण, केळी बाहेरच चांगली राहतात.

गोल पातेल्यांमुळे कोपरे वाया जातात. म्हणून उरलेले अन्न चौकोनी डब्यांत काढून एकावर एक ठेवावे. कच्चे मटण-मासे झाकून, शिजलेल्या अन्नाच्या खाली ठेवावेत. दारात थंडावा कमी असतो. तेथे पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, दूध आत ठेवावे. डब्यांमध्ये थोडी फट ठेवावी, म्हणजे थंड हवा सर्वत्र खेळते.

घरात मधुमेही असल्यास मधल्या कप्प्यातील एक जागा इन्शुलिनसाठी राखून ठेवावी. न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ती गोठली, तर औषध निकामी होते. वितळल्यावरही ते वापरू नये.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी डब्यावर नाव व तारीख लिहावी.

तथागतांनी भोजनात प्रमाण जाणण्यास सांगितले आहे. आपण गरजेपुरतेच शिजवले, तर अन्नाची नासाडी टळेल आणि लहान फ्रिजही पुरेल.