पडद्यावरचं रणांगण (लेखांक ६) : न तापणारी तोफ

‘कमांड अँड कॉन्कर : जनरल्स’ या २००३ सालच्या खेळात चीनच्या वाट्याला गॅटलिंग टँक आला आहे. त्याची फिरत्या नळ्यांची तोफ विमानं पाडते आणि पायदळही कापून काढते. मारा चालू ठेवला की तिचा वेग वाढत जातो, आणि खेळणाऱ्यांना ती आवडते ती याच गुणामुळे. माझ्या मते याच गुणामुळे खेळाने विमानवेधी तोफेचा स्वभाव उलटा करून ठेवला आहे.

आपल्या सैन्यातली रशियन बनावटीची शिल्का ही विमानवेधी तोफगाडी घ्या. २३ मिलिमीटरच्या चार नळ्या मिळून मिनिटाला किमान ३४०० गोळे सुटतात आणि गाडीत असतात सुमारे २०००. म्हणजे सलग मारा केला तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळा साठा संपतो. नळ्या थंड ठेवायला पाणी खेळवलेलं असतं, तरी त्या तापतातच. म्हणून मारा थोडाथोडा, तुकड्यातुकड्यांनी करायचा. तिचा परिणामकारक पल्ला अडीच किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने अंगावर येणारं विमान तेवढं अंतर दहा सेकंदांत कापतं. रडार चुकवायला ते किती खाली येतं, याचा अंदाज सोलापूरकरांना सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून यावा. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरली म्हणून जून २०२३ मध्ये पाडलेली ती चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती. एवढ्या खालून येणाऱ्या विमानासमोर जे करायचं ते पहिल्या काही सेकंदांतच. तिथे हळूहळू वेग घेणारी तोफ काय कामाची?

फिरत्या नळ्यांना वेग घ्यायला खरोखरच वेळ लागतो, असं कुणी म्हणेल. लागतो, पण सेकंदाच्या काही अंशाएवढाच. शिवाय तेव्हाच्या चिनी सैन्यातल्या ‘टाइप ९५’ या विमानवेधी गाडीवर २५ मिलिमीटरच्या चार साध्या, न फिरणाऱ्या नळ्या होत्या आणि जोडीला छोटी क्षेपणास्त्रं. फिरत्या नळ्यांची गाडी चीनने दाखवली ती नंतर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हा खेळ आहे, गोळे मोजत बसलो तर खेळायचं कधी? पण याच खेळात अमेरिकेच्या रॅप्टर विमानाला क्षेपणास्त्रं संपली की धावपट्टीवर परतावं लागतं. म्हणजे दारूगोळा संपतो हे खेळ रचणाऱ्यांना ठाऊक होतं. तोफेला मात्र त्यांनी सूट दिली. त्यामुळे खेळणारा शिकतो की बोट न उचलणाराच जिंकतो. शिल्कावरचा तोफची नेमकं याच्या उलट शिकतो.

एका बाबतीत मात्र खेळाला दाद द्यायला हवी. चीनच्या अवाढव्य ओव्हरलॉर्ड रणगाड्यावर हीच तोफ बसवता येते, म्हणजे विमानवेधी मारा रणगाड्यांसोबतच पुढे सरकतो. अशा माऱ्याचं मोल प्रत्यक्षातही दिसलं आहे : १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात सॅम-६ क्षेपणास्त्रं टाळायला इस्रायली वैमानिक खाली उतरले आणि तिथे त्यांची गाठ पडली अरब सैन्यांच्या शिल्कांशी. विमान पडो न पडो, त्याला वर क्षेपणास्त्रांच्या तोंडी परत जायला भाग पाडणं हेही या तोफेचं काम असतं. ते मात्र खेळात गुण म्हणून कुठेच मोजलं जात नाही.