खदानीत अपघात झाला तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. राष्ट्रीय महामार्ग 53 वर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग टाकला गेला. त्याला 36,634 टन मिश्रण लागलं. त्यात डांबर होतं 2,070 टन, बाकी जवळपास सगळी गिट्टी आणि चुरी. एका रस्त्याच्या एका थराला चौतीस हजार टनांवर दगड! रस्त्यावर राबलेल्या 720 जणांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण असा दगड डोंगरातून काढताना किती हात लागतात, ते मात्र कुणी मोजत नाही.

आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत. कुणी वडार आणि कोरकू भावांच्या सोबतीनं खदानीत, कुणी ड्रिलवर, कुणी क्रशरच्या पट्ट्यापाशी, कुणी डंपर आणि पोकलेनवर, कुणी जॉ दुरुस्त करायला वेल्डिंगचं मशीन घेऊन. खदान आपल्याला नवी नाही. अकोल्यात तर एका अख्ख्या वस्तीचं आणि पोलीस ठाण्याचं नावच 'खदान' आहे. तरीही तिथं माणूस जखमी झाला किंवा गेला की घरच्यांची गडबड उडते, आणि त्या गडबडीत हक्काचे लाखो रुपये हातचे जातात. हे कसं होतं आणि कसं टाळता येतं, ते आम्ही इथं सांगतो आहोत.

आधी धोके समजून घेऊ, कारण पुढे दावा करताना चूक कुणाची हा प्रश्न येतोच.

आपला वऱ्हाडातला काळा दगड लाव्हारसाचा, थरावर थर बसलेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. वरून दगड कितीही भक्कम दिसला तरी पावसाचं पाणी भेगांतून या पट्ट्यात मुरतं, पट्टा बुळबुळीत होतो आणि वरचा ठोकळा सरकतो. त्यात ठेकेदाराला घाई असते. पोकलेननं भिंतीच्या पायथ्याचा माल आधी ओढला जातो, वरचा भाग अधांतरी राहतो. म्हणून खाणीच्या नियमांनी कठीण दगडातही पायऱ्या पाडायला सांगितल्या आहेत. एका पायरीची उंची 6 मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. आता आपल्या गावाजवळची कोणतीही खदान डोळ्यांसमोर आणा. सरळ उभी भिंत आणि खाली डंपर भरणारी माणसं दिसत असतील, तर तो अपघात आधीच रचून ठेवलेला आहे. ज्यांची मुलं तिथं जातात त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दिवस विशेष जपावेत.

दुसरा धोका सुरुंगाचा. बार उडवताना निदान 300 मीटरच्या आत कुणी उघड्यावर उभं राहू नये आणि बार उडवणाऱ्याकडे ब्लास्टरचं सर्टिफिकेट हवं, असा नियम आहे. पण उडालेल्या दगडाइतकाच घात न उडालेला बार करतो. दहा होल भरले, नऊ वाजले, एक राहिला. दुसऱ्या दिवशी ड्रिलवाला अर्धवट राहिलेल्या त्याच होलात पुन्हा ड्रिल घालतो, कारण आयतं भोक मिळतं आणि मेहनत वाचते. आत दारू जिवंत असली तर तो माणूस वाचत नाही. जुन्या होलात ड्रिल घालायची नियमानं सक्त मनाई आहे. मुलगा ड्रिलवर असेल तर ही एक गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्या.

क्रशरवर हात जातात. फिरत्या पट्ट्याच्या पुलीला जाळी नसते, चिकटलेली चुरी चालू मशीनवरच पहारीनं काढली जाते, बाईची ओढणी किंवा पोराची सैल बाही आत ओढली जाते. मशीन बंद करून साफ करायला पाच मिनिटं लागतात, तेवढीही द्यायला मुकादम तयार नसतो. डोळ्यात कपची जाणं तर इतकं नेहमीचं झालं आहे की लोक त्याला अपघातसुद्धा म्हणत नाहीत.

कायदा खदानीला लागू होतो का?

'ही छोटी खदान आहे, इथं कायदा-बियदा नाही' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं असेल. ते बहुतेक वेळा खोटं असतं. 1952 च्या खाण कायद्यात गिट्टी-मुरूमाच्या छोट्या खदानींना सूट होती, पण तिला तीन अटी होत्या: खोली कुठंही 6 मीटरच्या वर नको, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं वापरलेली नकोत. तिन्ही अटी पाळल्या तरच सूट. एक बार उडवला की सूट संपली. काळा दगड बाराशिवाय निघतो किती, हे वाचकांनीच ठरवावं. अशा खाणींची तपासणी खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस करतं. त्याचं मुख्यालय धनबादला आहे, आपल्याला जवळचं कार्यालय नागपूरचं. गंभीर अपघात त्यांना कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मालकानं कळवलं नाही तर घरच्यांनी साध्या अर्जानं कळवावं आणि पोच ठेवावी.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि खाण कायदा तसेच 1923 चा भरपाई कायदा त्यांत गेले. पुस्तकं बदलली, पण भरपाईचा पाया तोच राहिला: काम करताना, कामामुळे इजा झाली तर मालकानं पैसे द्यायचे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. 'हेल्मेट घातलं नव्हतं', 'त्याचीच चूक होती' हे मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही.

किती पैसे?

हा हिशोब घरातल्या नववीतल्या मुलालाही करता येईल. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचा. हा आकडा वय 30 ला 207.98, 40 ला 184.17 आणि 50 ला 153.09 आहे. समजा तीस वर्षांचा जवान महिना 12,000 कमवत होता. 6,000 गुणिले 207.98 म्हणजे 12,47,880 रुपये. पगार जास्त असला तरी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबाला 15,000 पर्यंतच धरतात.

अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्क्यांवर हिशोब होतो आणि अवयवाप्रमाणे टक्के ठरलेले आहेत. पूर्ण पंजा गेला तर 60 टक्के, अंगठा गेला तर 30. दुसरा डोळा चांगला असून एका डोळ्याची नजर गेली तर 30. वरच्याच जवानाची कपचीनं एका डोळ्याची नजर गेली असती, तर त्याला साधारण 4 लाख 49 हजार मिळायला हवे होते. प्रत्यक्षात अशा माणसाच्या हातावर दवाखान्याचं बिल आणि वर दहा-वीस हजार टेकवले जातात, आणि घरचे सेठला दुवा देत परत येतात. मालकानं महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, शिवाय कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

बैठकीतला समझोता

मय्यत घरी येते, जनाजा होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस मोहल्ल्यातल्या दोन वजनदार माणसांना घेऊन बसतो. लाख-दीड लाखावर बोलणं तुटतं, स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतला जातो. मध्यस्थांची नियत वाईट असते असं आम्ही म्हणणार नाही, बहुतेकांना कायदा ठाऊक नसतो. पण कायद्याच्या नजरेत त्या कागदाला किंमत नाही. मृत्यूची भरपाई मालकानं थेट घरी आणून द्यायचीच नसते, ती संबंधित प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. घरी दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही, फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वळती होते. 'आमचा आता काही हक्क नाही' असं लिहून घेतलं तरी हक्क जात नाही. म्हणून आधी सही केली असेल त्यांनीही दावा सोडून देऊ नये. अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते.

आता नाजूक मुद्दा, पोस्टमॉर्टेमचा. आपल्यात दफनाची घाई असते आणि मय्यतीला चिरफाड नको ही भावना खोल आहे. नेमका याचाच फायदा घेतला जातो. 'कशाला पोलीस, कशाला इर्विनला न्यायचं, माती लवकर द्या' असं सांगणारा पहिला माणूस बऱ्याचदा ठेकेदाराचाच असतो. कामावरचा मृत्यू हा अकस्मात मृत्यू आहे. त्याची पोलिसांत नोंद, जागेचा पंचनामा आणि शवविच्छेदन झालं, की मृत्यू कुठे, कधी आणि कशानं झाला हे कागदावर पक्कं होतं. ते नसेल तर मालकाचा वकील सरळ म्हणतो की हा आमच्याकडे कामालाच नव्हता, घरी चक्कर येऊन पडला. अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, जमातीतल्या दोन समजदार माणसांनी सोबत जाऊन लवकर करून देण्याची विनंती केली तर दफन त्याच दिवशीही होऊ शकतं. मनात शंका असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांशी बोलावं, पण ठेकेदाराच्या सल्ल्यानं ठरवू नये. दफन आधीच झालं असेल तरी दार बंद होत नाही, साक्षीदार आणि दवाखान्याच्या पहिल्या चिठ्ठीवर दावा उभा राहतो. फक्त वाट अवघड होते.

दुसरी अडचण इद्दतीची. चार महिने दहा दिवस बेवा घराबाहेर पडत नाही, तोवर कागद गहाळ होतात, मजूर दुसऱ्या खदानीवर निघून जातात. तिनं बाहेर पडायची गरज नाही. वकीलपत्रावर सही घरी होते, कागद भाऊ किंवा दीर गोळा करू शकतो. मात्र पैसा तिच्या आणि मुलांच्या नावानं येतो. ही रक्कम तरक्यासारखी वाटली जात नाही. मयताची बायको, लहान मुलं, लग्न न झालेली मुलगी, विधवा आई असे अवलंबून असलेले लोक पाहून प्राधिकारी वाटणी ठरवतात. सासरच्यांनी आणि माहेरच्यांनी यावरून भांडू नये.

कागद कोणते? मस्टरवर नाव नसणं ही या धंद्याची रीत आहे, त्यामुळे घाबरू नका. मोबाईलवर आलेला हप्त्याचा पगार, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, काट्याच्या पावतीवरचं ड्रायव्हरचं नाव, खदानीतला फोटो, हे सगळं पुरावा आहे. मयताचा फोन कुणाला देऊ नका, फॉरमॅट करू नका. दवाखान्यात पहिल्या नोंदीत 'खदानीत काम करताना' हे शब्द लिहिले गेलेत का ते बघा. 'पडून मार लागला' एवढंच लिहिलेलं असतं आणि तेच पुढे नडतं. ठेकेदार पळाला तर खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे तो मूळ मालक जबाबदार धरता येतो. त्याचं नाव गिट्टीच्या वाहतूक पासवर किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत मिळतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, 15100 वर फोन करा. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अटसुद्धा नाही.

धूळ: वर्षांनी दिसणारा अपघात

आपण अंगठीत घालतो तो अकीक बराचसा गुजरातेत खंभातला घासला जातो. तिथल्या कारागिरांत सिलिकोसिसनं फार माणसं गेली. दगडातली सिलिका बारीक होऊन फुप्फुसात बसते आणि तिथं व्रण करते. औषधानं हे व्रण भरून येत नाहीत. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका वाळूच्या दगडापेक्षा खूप कमी असते, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. पण क्रशरची धूळ दिवसाला दहा तास, वर्षानुवर्षं घेतली तर फुप्फुस खराब होतंच, आणि आपली मुलं कामासाठी राजस्थान-गुजरातपर्यंतही जातात, जिथला दगड वेगळा आहे.

सिलिकोसिस आणि टीबी एक्स-रेत एकमेकांसारखे दिसू शकतात, दोन्ही एकत्रही होतात. टीबीचा कोर्स पूर्ण करूनही दम लागत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की हा इतकी वर्षं दगडाच्या धुळीत होता. हा आजार भरपाई कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे त्यालाही पैसे मिळतात. सर्वोच्च न्यायालयानं 4 मे 2016 रोजी गुजरात सरकारला मध्य प्रदेशातल्या 238 मयत मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी 3 लाख द्यायला सांगितलं. राजस्थाननं 2019 मध्ये अशा रुग्णांसाठी वेगळं धोरणच केलं.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. जी दिसते ती मोठी धूळ, नुकसान करते ती न दिसणारी. अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात दिवसभर मास्क लावून काम होत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणूनच खरा उपाय पाण्याचा आहे: ड्रिल करताना पाणी, जॉवर आणि पट्ट्यावर फवारा, मशीनला पत्र्याचं झाकण. ते नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती किंवा अकोला कार्यालयात तक्रार करता येते. क्रशरपासून 3 ते 10 मीटरवर हवेत धूळ किती चालते याची मर्यादा ठरलेली आहे, दर घनमीटरला 600 मायक्रोग्रॅम.

अपघात व्हायच्या आधी दोन कामं या आठवड्यात करून टाका. दगड फोडणं आणि त्याचा चुरा करणं हे काम राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या यादीत आहे. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते, आणि नोंदीत कामगार कामावर गेला तर वारसाला 5 लाख मिळतात. दुसरं म्हणजे बँकेचं पासबुक उघडून बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर अपघाती मृत्यूला 2 लाखांचा विमा आहे. ही रक्कम मालकाच्या भरपाईतून वजा होत नाही, आणि तिचा अर्ज बँकेत अपघातापासून 30 दिवसांत द्यायचा असतो.