विजेच्या भट्टीचा स्विच बदलताना

मातीची भांडी भाजताना भट्टीचे तापमान किती वेगाने चढते यावर बरेच काही अवलंबून असते, कारण भांड्यात ओल उरली असेल तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिची वाफ होऊन भांडे फुटू शकते आणि पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक एकाएकी प्रसरण पावत असल्याने तिथे घाई केल्यास तडे जातात. स्वयंचलित नियंत्रक नसलेल्या विजेच्या भट्टीत हा वेग ‘इन्फिनिट स्विच’ किंवा ‘एनर्जी रेग्युलेटर’ या नावाने मिळणारा नॉबचा स्विच सांभाळतो. त्याच्या आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. शेजारच्या बारीक तारेने ती तापली की वाकते, कॉन्टॅक्ट म्हणजे संपर्कबिंदू सुटतात, आणि निवली की ते पुन्हा जुळतात. भट्टी तापवणाऱ्या कॉइलला मिळाली तर पूर्ण वीज मिळते, नाहीतर मुळीच नाही. नॉब फिरवल्याने बदलतो तो फक्त चालू राहण्याच्या वेळेचा वाटा.

स्विच दोन प्रकारे बिघडतो. संपर्कबिंदू जळून जुळेनासे झाले तर त्या स्विचवरची कॉइल काळीच राहते आणि भाजणी अर्धवट होते, पण ते एकमेकांना चिकटून बसले तर नॉब ‘लो’वर असूनही वीज अखंड वाहते, झिलई ओघळून भांडी फळीला चिकटतात, म्हणून हा दुसरा बिघाड अधिक धोक्याचा आहे. काळ्या राहिलेल्या कॉइलबाबत मात्र दोष स्विचवर टाकण्याआधी कॉइलच तुटली नाही ना, हे वीज बंद करून व तिची एक तार सोडवून मल्टिमीटरने पाहावे: २३० व्होल्टवर ३ किलोवॉटच्या कॉइलचा रोध साधारण साडेसतरा ओहम भरतो, आणि तुटलेली असल्यास मीटर अखंडता दाखवत नाही.

वीज बंद करणे म्हणजे नॉब ‘ऑफ’ करणे नव्हे, कारण स्विचच्या काही टर्मिनलांवर तेव्हाही वीज असते. प्लग काढावा किंवा मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे, आणि चालू असल्याची खात्री असलेल्या जोडणीवर आधी मीटर तपासून मग भट्टीच्या प्रत्येक फेजवर ते लावावे. थ्री-फेज भट्टीत एक फेज मेला म्हणून बाकीचेही मेले, असे धरून चालणे जीवघेणे ठरते. खिशातल्या टेस्टरवर इथे विसंबू नये. ज्याला या तपासण्या सवयीच्या नाहीत त्याने परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

पॅनेल उघडल्यावर बहुधा सर्वांत बोलकी खूण स्विचच्या पाठीमागे सापडते: एखादी लग, म्हणजे तारेच्या टोकाची चिमटीसारखी पितळी जोडणी, तपकिरी पडलेली असते, तिच्याजवळचे तारेचे आवरण ठिसूळ होऊन बोटाने सुटते आणि आतले तांबे काळवंडलेले दिसते. सैल जोडणीत ०.१ ओहम इतकाच रोध निर्माण झाला, तरी १३ अँपिअरच्या प्रवाहाने तिथे सुमारे १७ वॉट उष्णता सतत तयार होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नचे टोक स्विचला टेकवून ठेवल्यासारखेच. नुसता स्विच बदलून तीच लग पुन्हा खोचली तर नवा स्विचही त्याच वाटेने जातो. म्हणून काळवंडलेला भाग चमकदार तांबे लागेपर्यंत कापावा, त्यावर उष्णता सहन करणारी नवी लग क्रिंपिंगच्या पकडीने घट्ट बसवावी, आणि तार आखूड पडत असल्यास उष्णतारोधक आवरणाची नवीच तार घालावी.

नवा स्विच निवडताना व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुन्याशी जुळले पाहिजेत, कारण १२० आणि २४० व्होल्टचे स्विच बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, पण आतली तापणारी तार वेगळी असते. तारा सोडवण्याआधी छायाचित्र घ्यावे, चिठ्ठ्या बांधाव्यात आणि एकेक तार हलवावी. एल १, एल २ ही पुरवठ्याची, एच १, एच २ ही कॉइलची आणि पी ही दिव्याची खूण बऱ्याच स्विचांवर असते, मात्र त्यांची मांडणी कंपनीगणिक बदलत असल्याने जागा पाहून नव्हे तर खूण वाचूनच जोडावे. अर्थिंगची तार पॅनेलला पूर्ववत घट्ट जोडून पॅनेल बंद केल्यावरच वीज द्यावी.

पहिली चाचणी रिकाम्या भट्टीवर घ्यावी. ‘लो’वर काही मिनिटे थांबल्यास स्विचचा ‘टक’ असा आवाज येऊन दिवा विझतो व पुन्हा लागतो, तर ‘हाय’वर तो अखंड पेटलेला राहतो. भट्टी पूर्ण निवल्यावर वीज पुन्हा तोडून प्रत्येक लग एकदा ओढून पाहावी.