कुलूप नसलेलं खेळयंत्र

१९८९ साली आलेला निन्टेन्डोचा गेमबॉय सुरू केला की कंपनीचं नाव पडद्यावर वरून सरकत खाली यायचं, मधोमध थांबायचं, टिंग असा आवाज व्हायचा आणि मग खेळ सुरू व्हायचा. ज्यांनी तो हाताळला त्यांना हे दृश्य पाठ आहे. त्या काही क्षणांत यंत्राच्या पोटात काय चाललेलं असे, हे मात्र खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं. पडद्यावरचं ते नाव खेळाच्या कार्ट्रिजमधून वाचलं जाई. यंत्रात २५६ बाइटचा एक छोटासा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला होता. कार्ट्रिजमधली नावाची ४८ बाइटची आकृती तो आपल्याजवळच्या आकृतीशी ताडून बघे. ती जुळली नाही तर यंत्र तिथंच गोठे. ४८ बाइटची नक्कल करणं तांत्रिकदृष्ट्या काहीच कठीण नव्हतं. पण परवानगी नसलेल्या कंपनीनं ती केली, तर निन्टेन्डोचं नोंदणीकृत बोधचिन्ह वापरल्याचा दावा तिच्यावर होऊ शकत होता. कुलूप यंत्रात होतं, त्याचा खरा जोर मात्र कायद्यात होता.

हातात मावणाऱ्या लोकप्रिय कन्सोलचा सगळा इतिहास या कुलपाभोवती फिरतो, आणि त्यामागचं कारण धंद्याच्या गणितात आहे. यंत्र शक्य तितकं स्वस्त विकायचं आणि पुढं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे खेळ बनवणाऱ्यांकडून परवान्याचं शुल्क घ्यायचं, अशी ती पद्धत आहे. वाटेल त्यानं वाटेल तो प्रोग्रॅम यंत्रावर चढवला तर हे गणित कोलमडतं. या व्यवस्थेनं खेळणाऱ्यांना बरंच काही दिलं, हेही मोकळेपणानं मान्य करायला हवं. गेमबॉयचे जनक गुनपेई योकोई जुने, स्वस्त आणि नीट पारखलेले सुटे भाग निवडून त्यांचा नव्या कल्पकतेनं उपयोग करण्याच्या मताचे होते. निन्टेन्डोच्या २००४ सालच्या डीएसमध्ये जेमतेम ४ मेगाबाइट मेमरी आणि ६७ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर होता, तरी तो १५ कोटींहून अधिक खपला. प्रत्येक डीएस दुसऱ्या डीएससारखाच असल्यानं खेळ लिहिणाऱ्यांना त्याच्या मर्यादा तंतोतंत ठाऊक असत आणि त्या मर्यादांत ते कमाल करून दाखवत.

तरीही यंत्र विकत घेतल्यावर त्यावर आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवता यावा, ही इच्छा कधी मेली नाही. सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबलची, म्हणजे पीएसपीची, सुरुवातीची जपानी यंत्रं सोनीची सही नसलेले प्रोग्रॅम चालवतात, हे २००५ मध्ये हौशी मंडळींना कळलं. सोनीनं पुढच्या फर्मवेअरमध्ये ती वाट बुजवली. हौशींनी दुसरी शोधली, सोनीनं तीही बुजवली, आणि हा पाठलाग वर्षानुवर्षं चालला. कित्येकांनी यंत्र मुद्दाम अद्ययावत केलं नाही, कारण अद्ययावत करणं म्हणजे हातचं स्वातंत्र्य गमावणं होतं.

दक्षिण कोरियात याच काळात वेगळा प्रयोग सुरू होता. गेम पार्क या कंपनीचं जीपी३२ हे यंत्र २००१ मध्ये आलं आणि हौशी प्रोग्रॅमरांना त्यावर काम करायला वाव मिळाला. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये गेमपार्क होल्डिंग्जचं जीपी२एक्स आलं. त्यात लिनक्स होतं आणि ते साध्या दोन एए सेलांवर चाले. युरोपात त्याच्याभोवती छोटा पण जिवट गोतावळा जमला. इंग्लंडमध्ये क्रेग रॉथवेल आणि जर्मनीत मिखाएल म्रोझेक ही यंत्रं विकत. गिऱ्हाइकांना काय हवंय आणि कंपनी काय देत नाहीये, हे दोघांना रोज ऐकू येत होतं. त्यातून, आणखी काही साथीदारांना घेऊन, पँडोरा हे त्यांचं स्वतःचं खुलं हातयंत्र जन्मलं.

आज स्वप्नवत वाटणारी ही गोष्ट तेव्हा शक्य झाली, याचं मोठं श्रेय एका चिपला आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३५३० ही चिप थोड्या संख्येनंही विकत मिळत होती आणि तिची हजारो पानांची तांत्रिक पुस्तिका कुणालाही वाचायला खुली होती. २००८ मध्ये आलेला बीगलबोर्ड हा एका बोर्डावरचा छोटा संगणकही याच चिपवर बेतलेला होता. तिच्याभोवती पँडोराकारांनी जे उभं केलं, ते पीएसपीशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. दोन्हींचा पडदा ४.३ इंचांचा. पीएसपीवर ४८० बाय २७२ ठिपके, पँडोरावर ८०० बाय ४८०. पहिल्या पीएसपीत ३२ मेगाबाइट मेमरी, पँडोरात २५६. पीएसपीचे खेळ सोनीच्या खास डिस्कवर येत, तर पँडोरात साधी एसडी कार्डं घालायला दोन खाचा होत्या. दिशांची बटणं होतीच, दोन्ही अंगठ्यांसाठी एकेक फिरती कळही होती. बॅटरी काढून बदलता येई आणि दहा तासांच्या आसपास टिके.

आणि या सगळ्याच्या मधोमध होता ४३ कळांचा कीबोर्ड. माझ्या मते पँडोराचा प्राण तोच. कीबोर्ड असला की यंत्राचा स्वभाव बदलतो. प्रवासात खेळता खेळता एखादी गोष्ट खटकली, तर मूळ प्रोग्रॅम उघडून, दुरुस्त करून, तिथल्या तिथे कंपाइल करून पुन्हा खेळता येतं. यंत्र दोन रूपांत सुरू व्हायचं. एकात खेळांची सुटसुटीत यादी आणि दुसऱ्यात एक्सएफसीई हा पूर्ण डेस्कटॉप, ब्राउझर, टर्मिनल आणि फायलींसकट. प्रोग्रॅम वाटण्याची पद्धतही मनापासून दाद द्यावी अशी. पीएनडी नावाच्या एकाच फायलीत सगळं बांधलेलं असे. ती कार्डावरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली की मेनूत दिसू लागे आणि कार्ड काढलं की मागे पसारा न ठेवता निघून जाई. प्रोग्रॅम बसवणं आणि उखडणं हे व्यापच उरले नाहीत.

या मोकळेपणाची किंमत गिऱ्हाइकांनी वेळेच्या रूपात मोजली, आणि ती फार जबर होती. ३० सप्टेंबर २००८ ला आगाऊ नोंदणी सुरू झाली. पहिली यंत्रं लोकांच्या हातात पडली २०१० च्या मे महिन्यात. चार हजारांच्या तुकडीसाठी साच्याचा कारखाना, कळांचा पुरवठादार, बोर्ड जोडणारी कंपनी अशा कुणाकडेच तातडीनं काम करून घेण्याइतकं वजन या मंडळींजवळ नव्हतं. निन्टेन्डो लाखोंची मागणी नोंदवते, तेव्हा कारखाना तिच्या वेळापत्रकानं चालतो. चार हजारवाल्याला कारखान्याच्या सवडीनं चालावं लागतं. दरम्यान जग थांबलं नव्हतं. २००९ च्या जूनमध्ये आयफोन ३जीएस ६०० मेगाहर्ट्झचा, पँडोराच्याच प्रोसेसरच्या घराण्यातला प्रोसेसर घेऊन दुकानांत आला. नोंदणीच्या दिवशी अचंबा वाटावा असं यंत्र घरी येईतो सामान्य झालं. यंत्र विकत देणाऱ्यांची नियत साफ होती. तरी दोन-दोन वर्षं पैसे अडकून पडलेल्या माणसाचा राग खोटा ठरत नाही. पुढं उत्पादन जर्मनीत हलवून म्रोझेकनं नव्या विक्रीच्या पैशांतून जुन्या गिऱ्हाइकांची यंत्रं पुरी करायचा मार्ग धरला. याच टप्प्यात १ गिगाहर्ट्झची सुधारित आवृत्तीही आली.

मोकळेपणातही एक गाठ राहिलीच. चित्र रेखाटणाऱ्या पॉवरव्हीआर भागाचा ड्रायव्हर बंदिस्त होता. त्याचा मूळ कोड पँडोराकारांनाही मिळाला नाही. छोट्या गटानं कितीही ठरवलं तरी चिप दुसऱ्याची असते, आणि जितकं दार चिपवाला उघडतो तितकंच उघडतं.

तरी त्या काही हजार यंत्रांभोवती जे काम झालं, त्याचा पल्ला फार लांबचा निघाला. नोटाझ या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरनं पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ एआरएम चिपवर वेगानं चालावेत म्हणून पीसीएसएक्स रीआर्म्ड हा एम्युलेटर पँडोरासाठी घडवला आणि त्याचा कोड मुक्त ठेवला. तो फोनांवर गेला, रास्पबेरी पायवर गेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीनं आपल्या पहिल्या कन्सोलची छोटी प्रतिकृती, प्लेस्टेशन क्लासिक, बाजारात आणली. तिच्या परवान्यांच्या यादीत पीसीएसएक्स रीआर्म्डचं नाव होतं. हौशी यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मूळ कन्सोलच्या निर्मात्यानं आपल्या अधिकृत मालात वापरला. खुल्या यंत्रांचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी याला आणखी एक बाजू आहे. पीएसपीच्या मेनूच्या भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, आणि ती घालण्याचा अधिकार सोनीशिवाय कुणालाच नव्हता. लिनक्सच्या यंत्रात लोहित देवनागरीसारखा मुक्त टंक घातला की मराठी अक्षरं दिसायला कुणाची परवानगी लागत नाही. मुक्त प्रणालींत भारतीय भाषा आणण्याचं बरंच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात झालं आहे. खुल्या हातयंत्राची कल्पनाही भारताला परकी नव्हती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन सिम्प्युटर घडवला. तो लिनक्सवर चाले आणि त्याच्या हार्डवेअरचा आराखडाही खुल्या परवान्याखाली दिलेला होता. २००४ मध्ये अमिडा या नावानं तो बाजारात आला, पण खपाच्या बाबतीत मागे पडला. त्याची परंपरा पुढं चालली नाही, याची हळहळ वाटते.

बंद कन्सोलचं आयुष्य कंपनी ठरवते. निन्टेन्डोनं २०२३ च्या मार्चमध्ये ३डीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं आणि केवळ तिथंच मिळणारे खेळ नव्यानं विकत घेण्याची सोय संपली. पँडोराची वारस पायरा हिची आखणी अगदी उलट दिशेची. तिचा प्रोसेसर वेगळ्या बोर्डावर बसवला आहे, म्हणजे पुढं तेवढाच बदलता यावा, आणि त्यात डेबियन चालतं. तिची नोंदणी २०१६ मध्ये सुरू झाली आणि वाट बघणं पुन्हा कित्येक वर्षांचं झालं. तिच्यातली ओमॅप ५ ही चिप तर अशा मालिकेतली, जिचा मोबाइलचा बाजार टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं २०१२ मध्येच सोडायचं ठरवलं होतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आला तेव्हा या दोन वाटा पहिल्यांदा एकमेकींच्या जवळ आल्या. आत आर्च लिनक्सवर आधारलेली प्रणाली, एका निवडीसरशी उघडणारा पूर्ण डेस्कटॉप, दुसऱ्या प्रणाली बसवायची मुभा आणि विकत मिळणारे सुटे भाग. यामागे व्हॉल्व्हच्या खेळ विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाचा पैसा आहे, म्हणून यंत्र वेळेवर आणि माफक किमतीत मिळू शकतं. घरातल्या मुलाला नुसतं खेळायचं असेल तर निन्टेन्डोचं स्विच घ्यावं, ते उत्तम आहे. खेळ आतून कसा चालतो असं विचारणारं मूल असेल, तर मी डेककडे बोट दाखवेन. त्याला फक्त एक कीबोर्ड वेगळा घेऊन द्यावा लागेल, कारण डेकला स्वतःच्या कळा नाहीत, आणि पडद्यावरच्या अक्षरांना टोचत चार ओळींपलीकडे प्रोग्रॅम लिहिवत नाही.