लाकडात मुरताना

जुलै लागला की डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींत दारं फुगतात. खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. सुताराला रंधा मारायला बोलवावं, तर तो म्हणतो, "थांबा काकू, दिवाळीपर्यंत आपोआप बसेल." लाकूड ओल पितं आणि हवा कोरडी झाली की सोडून देतं. सिंगल माल्ट व्हिस्कीची चव याच स्वभावावर उभी आहे.

गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजचा कारखाना आहे. त्यांची 'पॉल जॉन' सिंगल माल्ट २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरली. मोड आणलेल्या बार्लीपासून तांब्याच्या भट्टीत गाळलेलं मद्य सुरुवातीला पाण्यासारखं रंगहीन असतं. रंग आणि चवीचा मोठा भाग येतो तो ओकच्या पिंपातून. लोणच्याची चिनीमातीची बरणी स्वतःचं काही देत नाही; पिंप देतं.

अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्कीला आतून जाळलेलं, कोरं ओक पिंपच लागतं. एकदा वापरलं की बर्बनसाठी ते बाद. मग साधारण २०० लिटरची ही पिंपं स्कॉटलंडला जातात, गोव्यालाही येतात. जाळताना लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. हेमिसेल्युलोजमधल्या साखरेचं कॅरॅमल होतं. अमेरिकी ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याचा गंध देतात आणि कोळशाचा थर गंधकाची उग्र संयुगं शोषून घेतो. स्पॅनिश शेरी मुरलेलं पिंप वापरलं, तर मनुका आणि सुक्या अंजिराची चव उतरते. ते युरोपी ओकचं असेल, तर टॅनिनमुळे थोडा तुरटपणाही येतो.

उरलेलं काम हवामानाचं. उष्म्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरतं, गारवा आला की चव घेऊन मागे येतं. त्यात काही मद्य उडूनही जातं. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के, गोव्यात सुमारे ८. म्हणजे २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी तिथे १५७ लिटर उरेल, इथे जेमतेम ७४. म्हणून गोव्यातलं मद्य थोड्या वर्षांतच बाटलीत भरावं लागतं, आणि तेवढ्यात ते चांगलं मुरलेलंही असतं.

तेव्हा बाटलीवरचा वर्षांचा आकडा दोन्हीकडे एकाच मापाने मोजू नये. लाकूड तारीख बघत नाही, हवा बघतं. आपल्या सुताराने ते केव्हाच सांगून ठेवलंय.