तारकर्लीच्या पाण्यात पहिली बुडी

रात्री साडेदहा वाजता मुलीने जाहीर केले, "अम्मी, मी उद्या पाण्यात उतरणार नाही. सरांना सकाळीच सांगून टाका."

आम्ही दोघे तिच्यासोबत तारकर्लीला एका घरगुती लॉजमध्ये उतरलो होतो. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे मालवण, असा दोन रात्रींचा प्रवास झाला होता. फी भरलेली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलगी रत्नागिरीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते आणि तिला पुढे समुद्राखालच्या प्रवाळांचे काम करायचे आहे. त्यासाठी स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र हवेच. किनाऱ्यावर उभे राहून प्रवाळ मोजता येत नाहीत.

वाचकांना वाटेल, वर्ध्याच्या घरातून समुद्राचे हे खूळ आले कुठून? आम्हालाही तसेच वाटले होते. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोर धरण आणि वर्धा नदी. त्या नदीची आमच्या घरात धास्तीच आहे. मुलीच्या नानींचा धाकटा भाऊ पुलगावजवळच्या डोहात गेला, तेव्हा नानी बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या घरातले एकही मूल पोहायला शिकले नाही. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज येथे याच नदीत नाव उलटून 11 जण गेले, तेव्हा नानी दोन दिवस जेवल्या नाहीत. अशा घरातली मुलगी विसाव्या वर्षी पोहायला शिकली, तेही नानींपासून लपवून. ते लपवणे चुकीचे होते, हे आम्ही आज कबूल करतो. पण पोहायला शिकवले नसते तर ती चूक त्याहून मोठी ठरली असती, असेही आमचे मत आहे.

आता त्या रात्रीकडे वळू. तोवर तिचे पुस्तकी धडे आणि तलावातला सराव झाला होता. दुसऱ्या दिवशी खुल्या समुद्रातली पहिली बुडी होती. खुल्या पाण्यातल्या अशा चार बुड्या किमान दोन दिवसांत विभागून घेतात. त्या नीट पार पडल्या की 18 मीटरपर्यंत जोडीदारासह बुडी मारण्याचे प्रमाणपत्र मिळते. पहिल्या दोन बुड्या 12 मीटरच्या आतच ठेवतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जी बुडी घडवतात ती वेगळी. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि धरून आणतो. इथे मात्र सगळे स्वतः करायचे असते. एमटीडीसीने तारकर्लीला 2015 साली स्कूबा प्रशिक्षणाची संस्था सुरू केली. हे शिक्षण आपल्या राज्यातही घेता येते.

"भीती वाटते" एवढेच ती म्हणत होती. आम्हाला डायव्हिंगमधले काही कळत नाही, त्यामुळे उपदेश करण्याची सोय नव्हती. ते एका अर्थी बरेच झाले. "काही होत नाही गं" हे वाक्य आम्ही गिळले आणि विचारले, "नेमकी कशाची भीती? एकेक सांग." मुलीच्या अब्बांनी रेल्वेच्या तिकिटामागे लिहायला घेतले.

शार्क, खोली, अंधार यांपैकी काहीच त्यात निघाले नाही. निघाली ती मास्कची भीती. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाकही आत असते. पाण्याखाली मुद्दाम मास्कमध्ये पाणी भरायचे, वरची कड कपाळाशी दाबून नाकाने श्वास सोडायचा आणि ते पाणी खालून बाहेर काढायचे, हा प्रत्येकाला करावा लागणारा सराव आहे. तलावात हे करताना तिच्या नाकात पाणी गेले आणि ती धडपडत वर आली. तिथे पाणी कमरेइतकेच होते, म्हणून नुसता ठसका लागला. पण सरांनी तिला तेव्हाच बजावले होते की समुद्रात असे श्वास रोखून वर यायचे नाही. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होऊ पाहते. श्वास रोखलेला असला तर फुप्फुसाला इजा होते. स्कूबाचा पहिला नियमच हा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही.

तिला पाण्याची भीती नव्हती, स्वतःचीच होती. "तिथे खाली मी पुन्हा तशीच घाबरले तर?"

खरे सांगायचे तर या प्रश्नाने आमच्याच पोटात गोळा आला. पण भीती एवढी नेमकी कळल्यावर तिला हात घालता येतो. आम्ही सरांना फोन लावला. ते मालवणचेच, वीसेक वर्षे समुद्रात काढलेले. फोनवर शांतपणे म्हणाले, "बादली आहे ना लॉजवर? तिला स्नॉर्केल तोंडात धरू दे, मास्क लावू नको म्हणावे. बादलीत तोंड बुडवून तोंडाने श्वास घेऊ दे. तुम्ही शेजारी बसा. जमले तर उद्या या, नाही जमले तरी या. बोटीत बसून परत जाऊ."

मग रात्री अकरा वाजता लॉजच्या न्हाणीघरात आमचे स्कूबा केंद्र सुरू झाले. अब्बा मोबाइलवर सेकंद मोजत होते, अम्मी टॉवेल घेऊन उभी. पहिल्यांदा सात सेकंदांत डोके वर. दुसऱ्यांदा वीस. नाकाला पाणी लागले की शरीर आपोआप म्हणते, श्वास बंद कर. त्याला शिकवावे लागते की नाक पाण्यात असले तरी तोंडाचा रस्ता उघडा आहे. नवव्या वेळी पूर्ण एक मिनिट झाले. बाराव्या वेळी ती बादलीतूनच अंगठा आणि तर्जनी जोडून "ठीक आहे"ची खूण दाखवत होती. (अब्बांनी कौतुकाने अंगठा वर केला, तर ती हसून म्हणाली, "अब्बा, पाण्यात याचा अर्थ 'वर चला' असा होतो!")

श्वासाबद्दल सरांनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी वाटली. घाबरलेला माणूस भराभर, वरवरचे श्वास घेतो. त्यात आधीची हवा नीट बाहेर पडत नाही, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सिलिंडर भरलेला असूनही हवा कमी पडते असे वाटू लागते. त्या वाटण्याने माणूस आणखी घाबरतो. उपाय म्हणजे जोरात श्वास घेणे नव्हे, तर सावकाश आणि पूर्ण सोडणे. मुलीने यासाठी स्वतःचा हिशोब बसवला. श्वास घेताना मनात एकदा "सुब्हानअल्लाह", सोडताना सावकाश दोनदा. नानींनी निघताना दुआ शिकवली होती, पण तोंडात रेग्युलेटर असल्यावर ओठ हलत नाहीत. जे म्हणायचे ते मनातच. कोणी आकडे मोजले तरी श्वास तितकाच लांबतो.

सकाळी तिने अर्धेच घावन खाल्ले, चहा नाकारला. किनाऱ्यावर वेळेच्या आधी पोहोचलो. हे महत्त्वाचे, कारण घाईत जोडलेल्या सामानावर कोणाचाच भरवसा बसत नाही. तिने सिलिंडर, जॅकेट, रेग्युलेटर स्वतः जोडले. दाबमापकाचा काटा 200 बारवर होता. काट्याकडे पाहत तिने रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घेतले. काटा हलला नाही, म्हणजे सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली होती. मग जोडीदाराने तिचे सगळे तपासले, तिने जोडीदाराचे.

पोशाखाचे कोणी विचारेल म्हणून सांगतो. वेटसूट मनगटापासून घोट्यापर्यंत असतोच. तिने वरून सैल पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा कुडता घातला आणि डोक्याला डायव्हिंगचे हूड. हूड थंडीसाठी अनेकजण घालतात, त्यामुळे कोणी वळूनही पाहिले नाही. फक्त मास्कच्या कडेखाली हूड किंवा केस येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पाणी झिरपते.

बोट गेली आणि आम्ही वाळूत बसलो. पुढची हकिकत तिच्याच तोंडून कळली.

नांगराच्या दोराला धरून उतरायचे होते. दर हाताला थांबून नाक चिमटीत धरायचे आणि हलकेच फुंकर मारून कान मोकळे करायचे, दुखायला लागण्याआधीच. दोन मीटरवर तिची छाती धडधडू लागली. तिने अंगठा वर केला. सर क्षणभरही न थांबता तिच्यासोबत सावकाश वर आले. रागावले नाहीत, समजावलेही नाही. जॅकेटमध्ये हवा भरून तिला पाठीवर तरंगत ठेवले आणि म्हणाले, "ढग बघ." पाच मिनिटांनी तिनेच अंगठा खाली केला.

आमच्या मते त्या दिवसातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही. मागे फिरता येते, हे तिने करून पाहिले. त्यानंतर उतरणे सोपे झाले. सात मीटरवर वाळूत गुडघे टेकून तिने मास्कमध्ये पाणी घेतले. नाकात थोडे गेले. बादली आठवली. पाणी बाहेर निघाले आणि सरांनी तिच्याशी हात मिळवला. पाण्यात सगळे एक तृतीयांशाने मोठे दिसते, म्हणून पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा तिला केवढा तरी वाटला. सर नंतर म्हणाले, तळहाताएवढा होता. वर आली तेव्हा सरांच्या सिलिंडरमध्ये 140 बार उरले होते, तिच्याकडे 90. भीतीने किती हवा खाल्ली ते काट्यावर दिसत होते. चौथ्या बुडीला तिचे 120 उरले.

ज्यांच्या घरातून कोणी जाणार असेल त्यांना आणखी थोडे सांगायला हवे. वैद्यकीय माहितीचा फॉर्म खरा भरा. आमच्या मुलीचा कान लहानपणी वाहत असे. ते लपवून चालले असते, पण तिने "होय" लिहिले आणि वर्ध्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून लेखी परवानगी आणली. दमा, फुप्फुसाचे जुने दुखणे, फिट्स यांतही डॉक्टरशिवाय पुढे जाऊ नये. गरोदरपणात तर बुडी नकोच. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी थांबावे, कान मोकळे होत नाहीत. कोर्स रमजानमध्ये ठेवू नका; अंगातले पाणी कमी असताना बुडी मारणे धोक्याचे. पावसाळ्यात तिथले डायव्हिंग बंदच असते. आणि जो प्रशिक्षक "एवढ्याने काय घाबरतेस" म्हणेल, त्याच्याकडून मुकाट्याने पैसे परत मागा. परत मिळाले नाहीत तरी निघून या.

एक चूक आमच्या हातून होता होता राहिली. शेवटच्या बुडीनंतर लगेच आंबोली घाटाने कोल्हापूरला मुलीच्या खालांकडे जायचे ठरले होते. गाडीही सांगितली होती. सरांनी अडवले. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पडण्याआधी उंचावर गेले तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायला सांगतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच. एवढी उंचीही यात धरतात, हे आमच्या स्वप्नातही नव्हते. गाडीवाल्याची समजूत काढून पूर्ण एक दिवस मालवणला थांबलो. तो दिवस बाजारात सुके मासे आणि नानींसाठी काजू घेण्यात गेला.

वर्ध्याला पोहोचल्यावर नानींना सगळे सांगितले, पोहण्यापासून सगळे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मुलीला जवळ बसवून विचारले, "खाली डोळे उघडे ठेवता येतात?"

"हो नानी. सगळे दिसते."

"आमच्या भावाला शोधायला उतरलेल्या लोकांना काही दिसत नव्हते," नानी म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आमच्या धाकट्यासाठी तरणतलावाची फी पदरातून काढून दिली.