कथासरित्सागर तडीस नेताना

हार्बर लाइनच्या लोकलमध्ये जाडजूड परदेशी फँटसी घेऊन बसलेली कॉलेजची मुलं हल्ली बरीच दिसतात. टोल्किनचे नकाशे, वंशावळ्या त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्यापैकी कुणाशी बोलणं झालंच, तर मी एकच पुस्तक सुचवते : सोमदेवाचा 'कथासरित्सागर'. शाप भोगणारे यक्ष आहेत, आकाशातून फिरणारे विद्याधर आहेत. पहिल्याच लंबकात, म्हणजे खंडात, इंद्रदत्त नावाचा ब्राह्मण मेलेल्या नंदराजाच्या शरीरात शिरतो, आणि मागे ठेवलेला त्याचा स्वतःचा देह प्रधान जाळून टाकतो. आता जन्मभर राजा म्हणूनच राहायचं! असं सगळं असूनही हे पुस्तक हाती घेणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे. माझ्या मते त्याचं कारण आपण ते कादंबरीसारखं वाचायला जातो, हे आहे.

मुळात ही गोष्ट आपल्याकडची, पैठणची. परंपरा सांगते, की सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य हा पंडित होता. जलक्रीडेत राणीचं संस्कृत न कळल्यामुळे राजाचं हसं झालं. त्याला संस्कृत शिकवायला गुणाढ्य सहा वर्षं मागत होता; दरबारातलाच दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्यानं पण लावला, की हे जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडीन. तो हरला. मग विंध्याच्या जंगलात जाऊन त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारल्यावर तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकत गेला. राजा धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही झाली दंतकथा. पण पैशाचीतली ती बृहत्कथा आज उपलब्ध नाही, हे मात्र खरं.

 

उरलेली कथा काश्मीरमध्ये जगली. अकराव्या शतकात, साधारण 1063 ते 1081 च्या दरम्यान, अनंत राजाची राणी सूर्यवती हिचं मन रमावं म्हणून सोमदेवानं ती संस्कृतात आणली : 18 लंबक, त्यांत 124 तरंग म्हणजे प्रकरणं, 21 हजारांहून जास्त श्लोक. वाल्मीकी रामायणापेक्षा जरा कमी, इतकंच. मुख्य धागा दोन ओळींत सांगून होतो. वत्सराज उदयनाचा मुलगा नरवाहनदत्त एकामागून एक विवाह करत विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. बाकी सगळ्या गोष्टीत गोष्टी.

इथेच वाचक दमतो. आपल्याला चांदोबापासून ठाऊक असलेला वेताळच घ्या. तो बाराव्या लंबकात, शशांकवतीत, भेटतो. पण थेट नाही. नरवाहनदत्ताला पिशंगजट ऋषी मृगांकदत्ताची कथा सांगतो. त्या मृगांकदत्ताला त्याचा मंत्री विक्रमकेसरी आपली हकीकत सांगतो. त्या हकीकतीत एक म्हातारा ब्राह्मण विक्रमकेसरीला त्रिविक्रमसेन राजाची गोष्ट ऐकवतो, आणि मग कुठे त्या राजाच्या खांद्यावर बसून वेताळ बोलू लागतो. वेताळाच्या गोष्टीतलं पात्र तोंड उघडतं तेव्हा आपण पाच मजले खाली आलेलो असतो. हा त्रिविक्रमसेनही गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. पुस्तकात खुणेला एक चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर फक्त सांगणाऱ्यांची नावं एकाखाली एक लिहायची. पात्रांची नावं लिहीत बसलात तर वही भरेल आणि हाती काही लागणार नाही. गोष्ट संपली की सगळ्यात खालचं नाव खोडायचं. नेरुळहून सीएसएमटीपर्यंतच्या तासाभरात एक तरंग निवांत होतो. वाशीचा पूल लागेपर्यंत मी चिठ्ठीवर नजर टाकून कोण कुणाला सांगतंय ते जुळवून घेते आणि मग खुशाल वाहत जाते. तरंगाच्या मध्ये मात्र थांबू नये. गाडीतून उतरायची वेळ आलीच, तर निदान चालू गोष्ट तरी संपवावी.

दुसरं, सुरुवात पहिल्या पानापासूनच करायला हवी असं नाही. आधी वेताळ वाचा. मग दहाव्या लंबकातला पंचतंत्राचा भाग वाचा. तो ओळखीचा असल्यानं धीर येतो. त्यानंतर पहिला लंबक. आठवा, सूर्यप्रभाचा, युद्धांनी आणि नावांनी इतका गच्च आहे की पहिल्या फेरीत तो सोडून दिलेला बरा.

आणि कुठे गोंधळ उडाला तर स्वतःला दोष देऊ नका. पत्नी मदनमंचुका हिच्या विरहानं नरवाहनदत्त बाराव्या लंबकात व्याकूळ आहे, पण तिचं हरण आपल्याला कळतं ते चौदाव्यात! राज्याभिषेक पंधराव्यात उरकतो, तरी पुढे तीन लंबक शिल्लक राहतात. लाकोत या फ्रेंच अभ्यासकानं 1908 मध्येच दाखवून दिलं, की काश्मिरी परंपरेत मूळ कथेचा क्रम विसकटलेला आहे. गुंता पुस्तकातच आहे, वाचणाऱ्याच्या डोक्यात नाही.

मराठीत ह. अ. भावे यांचा अनुवाद आहे. इंग्रजीत टॉनीचं भाषांतर पेंझरनं 1924 ते 1928 मध्ये दहा खंडांत टिपांसह काढलं. त्या टिपा स्वतंत्रपणे वाचाव्यात इतक्या रसाळ आहेत, पण गोष्ट चालू असताना त्यांच्याकडे वळू नये. आणि शाळेत ज्यांनी संस्कृत घेतलं होतं, त्यांनी पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांची, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं 1889 मध्ये काढलेली मूळ संहिता जरूर उघडावी. सोमदेव बहुतेक अनुष्टुभातच लिहितो, समासांचे डोंगर रचत नाही. दहावीच्या संस्कृतावर, शेजारी अनुवाद ठेवून, वेताळाची एखादी गोष्ट नक्की लागते.